आष्ट्याच्या कमानीचे कंगोरे

सातारा, ४ मार्च १९७४
आजपासून रोजनिशी नियमित. मोठ्या कामाची नोंद राहिलेली बरी.
आष्ट्याचे लालासाहेब, रिटायर्ड सुभेदार, ऑफिसात आले होते. एकाहत्तरच्या लढाईत त्यांचा मुलगा गेला. त्याच्या नावाने गावातल्या शाळेला कमान बांधून द्यायची आहे. म्हणाले, साधीच काढा साहेब, नाव तेवढं लांबनं दिसाय पायजे.
साधी म्हणे. इतकी वर्षे सरकारी संडासांचे प्लॅन ट्रेस करतो आहे. आर्किटेक्टच्या परीक्षेत मला दोनदा नापास करणाऱ्यांना आता कळेल.

७ मार्च
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून कंगोऱ्यांचा अभ्यास. इंग्रजी पुस्तक काढले आहे. कंगोरा म्हणजे नुसती नक्षी नव्हे. कोणी फुगीर, कोणी खोलगट, प्रत्येकाची सावली वेगळी. सावली हाच कंगोऱ्याचा जीव. (वाक्य बहुधा माझेच.) बायकोला, उमाला, ऐकवले. तिने विचारले, नाव कुठे येणार? बायकांना तपशिलाची घाई.

८ मार्च
सव्वाआठला उठलो. अभ्यासाला डोके शांत लागते.

१९ मार्च
ड्रॉइंग पूर्ण. सगळ्यात वर सायमा रेक्टा, म्हणजे नागमोडी कंगोरा. त्याखाली कॉर्निस, चांगला दीड फूट पुढे आलेला. मग दातेरी ओळ. मग नावाची पट्टी. नाव लालासाहेबांनी गवंड्याला परस्पर सांगावे.
सावल्या पुस्तकाप्रमाणे रंगवल्या, डावीकडून पंचेचाळीस अंशात. उमा छान म्हणाली. आजाऱ्याशी बोलावे तसा आवाज होता.

आष्टा, ७ एप्रिल
साइटवर. ओल्या गिलाव्यावरून ओढायचा पत्र्याचा साचा मी स्वतः कापला. बोटही कापले. बिराप्पा गवंड्याने हळद लावली.
लालासाहेबांनी विचारले, आवं साहेब, अक्षरं तांबड्या रंगात काढायची का? समजावून सांगितले: कोरीव अक्षरांना रंग म्हणजे किराणा दुकानाची पाटी. सावलीच अक्षरे उठवेल. ते बराच वेळ वर बघत राहिले. मग म्हणाले, तुमी शिकल्यालं हाय, तुमी म्हंता तसं. पटले त्यांना.
जेवण त्यांच्याकडे. त्यांच्या पत्नी बनुबाई वाढताना मुलाविषयी बरेच सांगत होत्या. माझे लक्ष ताटाच्या काठाकडे. इतका शुद्ध गोलावा पुस्तकातही नाही.

सातारा, २१ एप्रिल
उमा म्हणते, एकदा जाऊन बघून तरी या. ऊन फार. शिवाय डिझाइन करणाऱ्याने सारखे साइटवर जाऊ नये, लोकांचा विश्वास ढळतो. भाषण तयार करतो आहे: ग्रीसपासून आष्ट्यापर्यंत.

१ मे, सांगली स्टँड, संध्याकाळ
मिळेल ती एसटी पकडली. ती सांगलीची निघाली.
घडले ते लिहितो. उद्घाटन दहाचे, पाहुणे आले बाराला. सूर्य बरोबर डोक्यावर. पुस्तकातला सूर्य असा कधीच नसतो. कॉर्निसची सावली सरळ खाली उतरली आणि नावाची पट्टी गिळून बसली. वर पांढऱ्यावर पांढरे. लोक माना वर करून बघत होते. लालासाहेब मेडल लावून ताठ उभे. मी सावलीवर भाषण केले, कारण दुसरे पाठ नव्हते.
मग बनुबाई पुढे आल्या. म्हणाल्या, मला वाचाय येत न्हाई, तुमी वाचून दावा की साहेब, मोठ्यानं.
मी वर बघितले. काहीच दिसेना. दिसले नाही तरी आठवणीतून सांगता आले असते. आठवेना. दोन महिने मी त्याला त्यांचा मुलगा म्हणत होतो. चष्मा काढून पुसला, धूळ आहे म्हणालो.
लालासाहेबांना कळले. माझ्या कानाशी हळूच म्हणाले, कृष्णात म्हना साहेब.
कृष्णात, मी मोठ्याने म्हणालो. बनुबाई म्हणाल्या, व्हय, आणि माझ्यापुढे हात जोडले.

सातारा, ४ मे
लालासाहेबांना कार्ड टाकले: अक्षरांना तांबडा रंग द्यायला माझी हरकत नाही, डिझाइनला बाध येत नाही.
उमाने कार्यक्रमाचे विचारले. ऊन होते, म्हणालो.

११ मे
लालासाहेबांचे उत्तर. रंग दुसऱ्याच दिवशी दिला. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कळवले नाही. आता नाव पार रस्त्यावरून दिसते. कृष्णातच्या आईने तुम्हाला नमस्कार सांगितला आहे.
नमस्कार सांगण्यासारखे मी काय केले? दिवसभर लाज वाटत राहिली. कार्ड उमाने वाचले आणि ताट वाढले.