‘तासली’ हा शब्द रद्द करून दहा सशांची पुनर्चाचणी थांबवण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
प्राणिप्रयोग परवानगी समिती,
रसायन परीक्षण संस्था.

विषय: अहवालातील एका क्रियापदाची दुरुस्ती मान्य करून सोमवारची पुनर्चाचणी रद्द करण्याची विनंती.

संदर्भ: १) फरशी पुसण्याच्या द्रावणाचा त्वचाविषारीपणा अहवाल, पृष्ठ ४.
२) त्याच चाचणीच्या फेरतपासणीचा आदेश.

महोदय,

मी आपल्या संस्थेत बारा वर्षे मानधनावर भाषातपासनीस आहे. त्यापूर्वी ग्रंथालयात होतो. अहवाल शास्त्रज्ञ लिहितात. मी ऱ्हस्वदीर्घ पाहतो, बोजड वाक्ये सैल करतो आणि शेवटच्या पानावर सही करतो. अधिकाऱ्यांसमोर मला बोलता येत नाही, म्हणून लिहीत आहे. हा अर्ज तिसऱ्यांदा लिहिला आहे. पहिल्या दोन्हींत इतकी क्षमायाचना झाली की विनंतीच राहून गेली.

गेल्या महिन्यात या द्रावणासाठी दहा ससे घेण्यात आले. प्रत्येकाच्या पाठीवरचे केस यंत्राने काढले, उघड्या कातडीवर द्रावण लावले, वर जाळीचे कापड ठेवून चिकटपट्टी गुंडाळली. चाटता येऊ नये म्हणून गळ्यात प्लास्टिकची कॉलर घातली. चोवीस तासांनी पट्टी सोडून पाठ पाण्याने पुसली आणि चौदा दिवस नोंदी ठेवल्या. एकही ससा दगावला नाही. चौदावा दिवस संपल्यावर, आतले अवयव पाहण्यासाठी, दहाही मारले. अहवालात या गोष्टी एकाखाली एक आहेत: ‘जिवंत राहिले: दहा. निकाली काढले: दहा.’ त्या दोन ओळींत मी फक्त विरामचिन्हे तपासली होती.

आता मूळ चूक. ती सर्वस्वी माझी आहे. पिंजराघराची वही तिथल्या मावशी लिहितात. त्यांनी ‘पाठ भादरली’ असे लिहिले होते आणि शास्त्रज्ञांनी ते तसेच अहवालात उतरवले. मला तो शब्द सरकारी कागदात ओबडधोबड वाटला. मी शब्दकोश काढला. ‘तासणे’ याचा एक अर्थ केस काढणे असाही दिलेला आहे. मी ‘पाठ तासली’ असे केले आणि शब्द जमला म्हणून मनात खूशही झालो. परवाना कार्यालयाने त्याचा अर्थ, कोणीही लावील तोच, कातडी खरवडली असा लावला. खरवडलेल्या कातडीतून द्रावण थेट रक्तात जाते, म्हणून अखंड कातडीवरची चाचणी झालीच नाही, असे ठरले. नवे दहा ससे सोमवारी येत आहेत.

आदेश आला त्याच दिवशी मी चाचणीप्रमुखांकडे गेलो आणि मावशींची वही त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती वाचली, चूक मान्य केली, मला चहाही दिला. मात्र शुद्धिपत्राचा नमुना आकडे, तारखा आणि नावे यांच्यापुरताच आहे. क्रियापदासाठी नमुना नाही. ते म्हणाले, “काका, नमुना मंजूर करून घ्यायचा तर पुढचं वर्ष उजाडेल. ससे काय, फोन केला की येतात. तुम्ही कशाला एवढं मनाला लावून घेता?” महोदय, ते वाईट गृहस्थ नाहीत. म्हणूनच तो चहा मी तसाच ठेवून उठलो.

तिथून मी पिंजराघरात गेलो. बारा वर्षांत पहिल्यांदा. ते माझ्या खोलीपासून चाळीस पावलांवर आहे. फिनेलचा वास होता आणि त्याखाली दुसरा एक वास होता, त्याला मला शब्द सापडला नाही. धुतलेल्या कॉलरी दोरीवर वाळत होत्या. दहाच्या दहा, सोमवारी त्याच वापरायच्या आहेत. मावशींना माझी चूक सांगितली. त्या म्हणाल्या, “तासली? अहो काका, तासायला तो काय गाजर आहे? मी सरळ लिहिलं होतं की!” मग त्यांनी वही उघडून दाखवली. दुसऱ्या दिवसाखाली त्यांनी लिहिले आहे, ‘पाठ लाल. हात लावू देत नाही. कोपऱ्यात तोंड घालून बसतो.’ अहवालात तिथे ‘स्पर्शास प्रतिसाद आढळला’ असे आहे. ते वाक्यही माझेच. ते आठवून मला स्वतःच्या हाताची किळस आली, आणि ती अजून गेलेली नाही.

घरी सांगितले तर पत्नी म्हणाली, “जन्मभर लोकांच्या चुका काढल्यात. एक स्वतःची काढायला तीन-तीन अर्ज का लागतायत?” तिचे बरोबर आहे.

प्राण्यांवर चाचण्या कराव्यात की नाहीत, यावर बोलण्याएवढे माझे ज्ञान नाही. परंतु या दहा सशांकडून विज्ञानाला काहीही कळायचे राहिलेले नाही. जे कळायचे ते आधीच्या दहांनी सांगितले आहे. हे दहा केवळ एका शब्दासाठी भादरले जातील, बांधले जातील आणि मारले जातील. तरी पुढील विनंती:

१) सोबतच्या वहीच्या आधारे ‘तासली’ऐवजी ‘भादरली’ असे वाचण्यास आपल्या अधिकारात मान्यता द्यावी. क्रियापदाला नमुना नसल्यास समितीच्या इतिवृत्तात एक ओळ पुरेल.

२) निर्णय होईपर्यंत सशांची मागणी थांबवावी.

३) यापैकी काहीच शक्य नसेल, तर पुनर्चाचणीच्या ‘कारण’ या रकान्यात ‘तांत्रिक त्रुटी’ असे लिहू नये. ‘भाषातपासनीसाने चांगला शब्द बदलला, आणि तो परत बदलण्यापेक्षा ससे मारणे सोपे होते’ असे लिहावे. हे वाक्य मी तपासले आहे. त्यात दुरुस्ती नाही.

उत्तराच्या प्रतीक्षेत,
आपला नम्र आणि अपराधी,

(सही)
भाषातपासनीस
गुरुवार, सकाळी

सोबत: १) पिंजराघराच्या वहीची प्रत, मावशींच्या सहीसह.
२) शब्दकोशातील ‘तासणे’ या नोंदीची प्रत; पहिला अर्थ ‘सोलणे, खरवडणे’ हा आहे. मी तिसरा वाचला होता.