त्याला सांगतात तसं मला

४ फेब्रुवारी

ती. ताईंना सा. न. वि. वि.

तुमचा गुडघा आता वाकतो हे वाचून बरं वाटलं. फोन न करता लिहितेय, कारण ज्यांच्याबद्दल लिहायचंय ते, म्हणजे तुमचे घुमे धाकटे बंधू, पलीकडच्याच टेबलावर काम करत बसलेत.

श्रवणयंत्रांची माहितीपत्रकं लिहायला ते हल्ली एआयची मदत घेतात. त्याला नीट कसं सांगावं, हे ऑफिसात शिकवलं. समोरच्याला काहीच ठाऊक नाही असं धरायचं; कोणासाठी हवंय, का हवंय, काय नको, सगळं सांगायचं आणि पाठवण्याआधी मोठ्याने वाचायचं. तेव्हापासून भाजी चिरता चिरता मी सगळं ऐकते. काल ते वाचत होते की पत्रक सत्तरीतल्या माणसासाठी आहे, कमी ऐकू येतं हे मान्य करायला त्याला लाज वाटते, तेव्हा उपदेश नको, धीर दे. बॅटरी बदलताना त्याची बोटं थरथरतात, म्हणून एका वाक्यात एकच गोष्ट सांग.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुठल्या कोण म्हाताऱ्याच्या बोटांची एवढी काळजी, आणि मला आजवर ‘ते दे’ आणि ‘बघू’ याच्यापुढे काय ऐकवलं? दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून मला बोलावणं आलंय. सांगितलं, तर ‘बघू’ म्हणाले. महिनाअखेर उत्तर द्यायचंय. सवत असती तर निदान भांडता आलं असतं. या यंत्राच्या झिंज्या कुठून धरू?

लोभ आहेच, या महिन्यात तो भावापेक्षा माझ्याकडे जरा जास्त झुकू द्या.

तुमची
वहिनी

११ फेब्रुवारी

प्रिय वहिनीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी खूप हसले, मग तुझी दया आली. लहानपणी घुम्याला ताप आलाय हे आईने कपाळाला हात लावल्यावर कळायचं. जवळच्या माणसाला आपोआप कळतं, अशी त्याची समजूत आहे. तुझ्याशी न बोलणं हा त्याने तुला दिलेला मानच आहे, असं लिहिणार होते. पण माझ्या घरातला नमुना आठवला आणि पेन थांबलं. मान कसला, निव्वळ आळस.

पण एक विचारते, रागावू नकोस. बोलावणं आलंय एवढंच तू त्याला सांगितलंस, की तुला जायचंय हेही? मला लिहिलेल्या एवढ्या पत्रात तरी ते कुठे सापडलं नाही.

घुम्याचा कान माझ्या वतीने पिळ, आणि माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी
ताई

२६ फेब्रुवारी

ती. ताईंना सा. न. वि. वि.

तुमचा प्रश्न झोंबला. दोन दिवस तुमच्यावर मनातून रुसले होते.

रविवारी सकाळी हे नेहमीसारखे एआयला लिहिलेलं वाचू लागले. बायकोला दुसऱ्या गावी मोठं काम मिळतंय. मला तिथे जायची भीती वाटते, ओळखीचं कोणी नाही, मी नुसता तिचा नवरा म्हणून उरेन. तिला न दुखवता हे कसं सांगू? मग ‘तिची इच्छा अशी आहे की’ इथपर्यंत आले आणि अडले. पुढचं त्यांना माहीतच नव्हतं. मी घरात आहे हे विसरले होते की मुद्दाम वाचलं, ते अजून कबूल करत नाहीत.

मी सुरी खाली ठेवली, त्यांच्यासमोर खुर्ची ओढली आणि मला जायचंय हे सांगितलं. का, कधीपासून, आणि काय नको तेही. उपकार केल्यासारखं येणं नको. जेवणं राहिली. संध्याकाळपर्यंत ठरलं की मी पुढे जायचं, हातातली पत्रकं संपवून ते मागून येतील. आज होकार कळवला.

तरी खरं सांगते, ताई, जळफळाट पुरता गेलेला नाही. भीती वाटते हे त्यांनी पहिल्यांदा कबूल केलं, ते माझ्याजवळ नाही. हे मी बोलून दाखवलं. ते म्हणाले की तिथे चुकलं तर पुसून परत लिहिता येतं, तुझ्यापुढे बोललेलं तसंच राहतं.

मी म्हटलं, राहू दे तसंच.

नवा पत्ता कळवते. तुमची माया त्या पत्त्यावरही येऊ द्या.

तुमची
वहिनी