चार मिनिटांचा नकार

१० ऑगस्ट, शनिवार

साहेबांनी मला 'मार्गदर्शक' करून टाकलंय. न विचारता. कंपनीने एका कॉलेजशी करार केलाय म्हणे—ज्यांच्या घरात आजवर कुणी कॉलेजची पायरी चढलं नाही, अशा मुलांना तंत्रज्ञानातल्या नोकरीपर्यंत पोचवायचं. आमच्यातल्या प्रत्येक जुन्या खोडाला एकेक मूल. तुमचा अनुभव दांडगा, असं साहेब म्हणाले. म्हणजे तुम्ही म्हाताऱ्या झालात.

माझ्या वाट्याला आलेली मुलगी चोवीस वर्षांची, शेवटच्या वर्षाला. वडील लिफ्ट दुरुस्त करतात. मी पाऊण तास बोलले. ती पाऊण तास उजवी भुवई वर करून बसली. इथे वहीत मी तिला भुवईच म्हणणार.

१७ ऑगस्ट, शनिवार

भुवई बोलते! पण कामापुरतं.

एक बिघडलेला प्रोग्राम तिच्यापुढे टाकून मी चहाला गेले. परत येईपर्यंत तिने चूक शोधलेली, वर मला ठाऊक नसलेल्या आणखी दोन. विचारते, या पण मुद्दाम ठेवल्या होत्या का? हो म्हणाले. काय करणार, इभ्रतीचा प्रश्न.

मग बायोडेटा पाहिला. शाळा संपल्यानंतरची दोन वर्षं कोरी. घरी होते, म्हणाली. आईला पक्षाघात झाला होता, एक बाजू पार गेलेली. आता आई काठी घेऊन घरभर फिरते आणि एकेकाला फैलावर घेते—हे सांगताना पहिल्यांदा हसली. मी म्हटलं, ती दोन वर्षं सरळ लिहून टाक. लपवू नकोस, खरं बोलणाऱ्याची कदर होते. कुठून येतात ही वाक्यं माझ्या तोंडात, देव जाणे.

२४ ऑगस्ट, शनिवार

मुलाखतीचा सराव. "पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?" असं मी विचारलं. "आरशात," म्हणाली. मी खुर्चीवरून पडायची बाकी होते. मग समजावलं, की या प्रश्नाला सगळे थापा मारतात, ऐकणाऱ्यालाही ते माहीत असतं, तरी मारायच्या. तिने थापा लिहून घेतल्या. क्रमांक घालून!

सात ठिकाणी अर्ज करायचं ठरलं. आमच्याकडेही कर म्हटलं. तुमची ओळख सांगू का, म्हणाली. मी छाती फुगवून सांगितलं, आमच्याकडे पहिली निवड यंत्र करतं, आणि यंत्राला मामा-काका नसतात.

२६ ऑगस्ट, सोमवार

आमच्याकडून तिला नकार. अर्ज अकरा वाजून दोन मिनिटांनी, नकार अकरा वाजून सहा मिनिटांनी. एवढ्यात माझा चहासुद्धा गाळून होत नाही.

तिचा निरोप आला: तुमचं यंत्र चपळ आहे.

२७ ऑगस्ट, मंगळवार

छडा लावायला बसले. कामाच्या वेळेत, साहेबांच्या नाकावर टिच्चून. अर्ज गाळणाऱ्या प्रोग्रामला आम्ही चाळणी म्हणतो. कोण कुठल्या नियमाने पडलं, याची नोंद तिच्या पोटात असते. ती काढली. मार्क ठीक. विषय ठीक. आणि मग ही ओळ—शिक्षणात दोन वर्षं किंवा अधिक खंड, बाद.

कुठल्या गाढवाने लिहिलंय हे, म्हणून बाजूचं नाव पाहिलं.

माझं.

नऊ वर्षांपूर्वीचा शुक्रवार. आठवलंसुद्धा. अर्ज फार येतात, काहीतरी करा, असा भरतीवाल्यांचा लकडा होता. खंडाचा नियम त्यांनी सुचवला, मी जेवणाच्या सुट्टीआधी उरकून टाकला. ते खूश झाले होते. मीही.

२८ ऑगस्ट, बुधवार

नवऱ्याला सांगितलं. तो कांदा चिरत होता. म्हणाला, नियम त्यांचा, तू नुसता लिहिलास. हो ना, म्हटलं, हात तेवढे माझे होते. तिला काही सांगू नकोस, गुपचूप तिचं काम करून दे, सगळ्यांचंच भलं होईल, असा त्याचा सल्ला. शहाणा माणूस आहे. त्यामुळेच कधी कधी डोक्यात जातो.

२९ ऑगस्ट, गुरुवार

साहेबांना सगळं सांगितलं. पुढच्या तिमाहीत बघू, एक समिती नेमू, म्हणाले. मी आकडा काढूनच गेले होते. बाकी सगळं ठीक असून त्या एका ओळीने नऊ वर्षांत बाद झालेले—दोन हजार एकशे चार. तो कागद त्यांच्या कपाशेजारी ठेवला.

"ही घ्या समिती," म्हटलं. "दोन हजार एकशे चार सभासद आहेत."

साहेबांनी कागद पालथा घातला. मग पुन्हा सरळ केला. दुपारी भरतीवाल्यांना बोलावून घेतलं. संध्याकाळी मी ती ओळ काढली. लिहिण्यापेक्षाही कमी वेळ लागला. यंदाचे अर्ज पुन्हा चाळले आणि भुवईला मुलाखतीचं बोलावणं गेलं. येत्या बुधवारी.

३१ ऑगस्ट, शनिवार

सांगितलं तिला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघीच होतो. आधी उगाच इकडचं तिकडचं बोलले, मग एका दमात सगळं. तिचा चेहरा जागचा हलला नाही.

"किती वेळ लागला होता लिहायला?"

"दहा मिनिटं. फार तर."

"मी दोन वर्षं आईला उचलून न्हाणीघरात नेत होते," ती म्हणाली. "रोज."

माफी मागितली. शब्द फार हलके निघाले. मग तिने बाकीच्यांचं विचारलं. मी म्हटलं, यंदाचे परत घेतलेत, जुन्यांचे नुसते फोन नंबर आहेत. "मग लावा की फोन," म्हणाली आणि बॅग उचलून गेली. अजून अर्धा तास बाकी होता. मी तो तिथेच बसून काढला.

२ सप्टेंबर, सोमवार

साहेबांच्या परवानगीने पहिले वीस फोन. अकरा नंबर बंद. एकाने मला विमावाली समजून झापलं. चूक कळल्यावर आणखी झापलं. एक बाई म्हणाली, मी आता शाळेत गणित शिकवते, तुमच्याकडे येण्याचं काही कारण उरलं नाही. फोन ठेवणार, तेवढ्यात थांबली. "म्हणजे माझ्यात काही कमी नव्हतं?"

नव्हतं, म्हटलं.

पुढचा फोन आज लावलाच नाही.

४ सप्टेंबर, बुधवार

मुलाखत. मी घेणाऱ्यांत नव्हते, असूही नये. लांबून काचेच्या दारातून बघत होते. आली! कडक इस्त्रीचा शर्ट. माझ्याकडे पाहून मान हलवली—जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याला हलवतात, तेवढी. दीड तास आत होती. नंतर परीक्षकांपैकी एकजण कपाळ पुसत बाहेर आला. पोरीने त्यांच्याच प्रश्नपत्रिकेत चूक काढली होती म्हणे.

१० सप्टेंबर, मंगळवार

निवड झाली!! मी जिन्यात नाचले. साहेबांनी पाहिलं. त्यांनी पाहिलंच नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं.

माझ्याच तुकडीत एक जागा रिकामी आहे. खिडकीजवळचं टेबल पुसून घेतलं, नवा स्क्रीन मागवला. खुर्ची चांगली हवी म्हणून माझीच तिथे सरकवली.

१२ सप्टेंबर, गुरुवार

तिचा होकार आला. एक तारखेपासून रुजू. एकच अट घातलीय—माझ्या हाताखाली नको.

साहेबांनी विचारलं, असं का. मी म्हटलं, रास्त आहे. मान्य करा.