दुपारच्या गोष्टीचा हुंकार

सुमनला आत्याचा सप्रेम जयभीम.

वर चिरंजीव लिहायला घेतलं होतं, मग हात थांबला. चिरंजीव कशाची, वर्ष व्हायला आलं तुला जाऊन! म्हणून नुसतं नाव लिहिलं. रागावू नकोस.

सासू लिहायला बसली बघून तुला हसू येईल. ही अक्षरं तूच शिकवलीस मला, रेल्वेच्या फॉर्माच्या पाठीवर. एका ओळीला घाम निघतो अजून. तोंडानं बोलून मोकळी झाले असते, पण या घरात लांबलचक काही सांगायचं म्हणलं की मला भ्या वाटतं. सांगता सांगता मी दम घ्यायला थांबेन, आणि कोणीतरी "हं" म्हणेल. लिहिलेल्याला हुंकार लागत नाही. म्हणून कागद.

काल म्हणालं ते. परत म्हणालं.

शाळेला सुट्ट्या लागल्यात. भर दुपारची वेळ, तुझा नवरा मधुकर रुळांच्या कामावर गेलेला. मी दारापुढं लिंबाखाली ज्वारी निवडत होते, तुझी रेखा आत एकटी. काहीतरी मोठ्यानं वाचत होती, मधे मधे थांबत होती. मला वाटलं शाळेचं असेल. मग ती थांबली आणि आतून हुंकार आला. बाईचा. जाडसर. माझ्यासारखाच.

मी सूप टाकून दारात गेले. रेखानं माझ्याकडं बघितलं, मग कोपऱ्यातल्या गोधड्यांच्या चळतीकडं बघितलं.

"आज्जी, तू भाईर व्हतीस?"

"मग कुठं असणार?"

"मला वाटलं तू माझ्या मागं बसलीस."

हे का झालं ते मला माहीत आहे, सुमन. तुला सांगायचं राहिलं होतं. आज सांगते.

तुझं ते लिहिणं! लग्न ठरवताना मला कोणी सांगितलं नव्हतं की पोरीला हे लागलेलं आहे. सातवी शिकलेली आहे, भाकरी पातळ करते, एवढंच कळलं होतं. बाराची गाडी गेली की तू हात पुसून बसायचीस आणि दोनची गाडी पुलावर वाजली की उठायचीस. एक पान दिवसाचं: नळ कधी आला, क्वार्टरांच्या लाइनीत कोण भांडलं, रेखाचा दात कसा पडला. आणि एक पान बनवलेलं. रोज दोन पानं. ताप असू दे, पाहुणे असू दे. मधुकर स्टेशनातले रद्दी फॉर्म आणून द्यायचा, त्यांच्या कोऱ्या अंगावर तू लिहायचीस.

"कशाला गं रोज?" मी विचारायचे.

"तुमी भांडी रोज घासता का न्हाई, आत्या?"

"न घासली तर जेवायचं कशात?"

"मंग मी न लिहिलं तर राहू कशात?"

असलं उत्तर! सासूला!

मी लाइनीतल्या बायांना म्हणायचे, हिच्या दोन गाड्यांच्या मधे घर पेटलं तरी हिला कळणार नाही. म्हणायचे खरी. पण घर पेटलंच होतं ना आपलं. नामांतराच्या दंगलीत गावाकडची वस्ती जळली तेव्हा रेखा दोन वर्षांची. तिच्या तोंडावर हात दाबून आपण ज्वारीत आडवं पडून राहिलो. परत गेलो तर दाराची चौकट तेवढी उभी. तुझी वही आत होती. तू राखेत हात घालून चाचपत होतीस आणि मी ओरडले, "भांडी हुडक आधी, कागद काय हुडकतीस!" मग मधुकरनं आपल्याला इथं पूर्णेला क्वार्टरमधे आणलं. आठ दिवसात तू परत लिहायला बसलीस. दहा वर्षं झाली त्याला. नामांतराचे मोर्चे अजून निघायलेत.

तेव्हा मला वाचता येत नव्हतं, म्हणून लिहून झालं की दोनच्या गाडीच्या आत तू वाचून दाखवायचीस. मी हुंकार द्यायचे. चारठाण्याला, माझ्या माहेरी, माझी आजी म्हणायची, गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार द्यावा. समोरचा गप बसला तर दुसरंच कोणीतरी देतं. आपल्या घरात तसलं मानत नाहीत. दीक्षा घेतली त्या साली तुझ्या सासऱ्यांनी देव टोपल्यात भरून नदीत सोडले, आणि भुतंही त्यांच्याबरोबरच गेली म्हणून सांगितलं. मीही मानत नाही. पण हुंकार द्यायचे. जिभेला काय ओझं होतं?

मग ते नळाचं भांडण. नळ अर्धा तास यायचा. मी बाजारात गेलेली, तू लिहीत बसलीस, पाणी आलं आणि गेलं. परत येऊन बघते तर हंडे पालथे, आणि तू दारात उभी. "आत्या, आज लय भारी झालंय, ऐका."

"ऐकते की. आधी तुझी गोष्ट पिळ आन् घागर भर!"

तुझं तोंड एवढंसं झालं. पण तूही हट्टाची. तरी बसलीस वाचायला. मी मिसरी लावली, ओठ मिटले आणि तूर निवडायला घेतली. म्हणलं आज हुंकार नाही. बघू कशी वाचतीस.

त्या बाईची गोष्ट होती. जिचं घर जळालंय आणि चौकटच उरलीय, ती. रोज चौकटीतून आत जाते, झाडते, बाहेर येते आणि हवेतच कडी लावते. तू वाचलंस, "एके दिवशी तिनं कडी काढली, तर आतून कोणीतरी विचारलं, कोण हाय?" आणि थांबलीस. मी गप.

"हं."

माझ्या मागून आलं. गोधड्यांच्या चळतीपासून.

तू वर न बघताच हसलीस. "गेला का राग?" म्हणालीस आणि पुढं वाचायला लागलीस. माझ्या तोंडात मिसरी होती, सुमन! मी तोंड उघडलंच नव्हतं!

मी वळून बघितलं. गोधड्या, भिंत, मधुकरचा डबा. दुसरं काही नाही.

आता मी काय केलं ते ऐक. दुसऱ्या दिवशी मुद्दाम गप बसले. परत आलं. तिसऱ्या दिवशी हळूच उठून बाहेर गेले आणि धुणं धुतलं. आत तुझं वाचणं चालू, हुंकारही चालू. आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? गाडीपासून गाडीपर्यंत मी अडकून पडायचे, ते सुटलं. तुला ऐकणारं मिळालं, मला दुपार मिळाली. भ्याले होते, पण हाताला काम असलं की भ्या पातळ होतं. चार महिने मी तुला त्या हुंकारापाशी सोडून पापड लाटले, वाकळा शिवल्या, शेजारणीशी भांडले.

तुझं मात्र दोनच्या गाडीला उठणं बंद झालं. गाडी पुलावर वाजायची, जायची, तू आपली वाचतच. डाळ करपली. रेखाची वेणी राहायला लागली. मी आत येऊन ओरडले की तू माझ्याकडं बघायचीस, मग कोपऱ्याकडं बघायचीस, मग परत माझ्याकडं. तेव्हा तरी मी बोलायला पाहिजे होतं.

मग कावीळ झाली. मी वेडी नाही, काविळीनंच गेलीस तू. डॉक्टरनं सांगितलं, डोळे मी बघितले. हुंकारानं माणूस मरत नाही. शेवटच्या आठवड्यात तुझ्या तळपायांना तेल चोळत होते, तर म्हणालीस, "आत्या, चार महिने तुमी माझी एक बी गोष्ट मोडली न्हाई. रोज हं म्हणलात."

अख्खी लाइन माझ्या जिभेला भिते. आणि ती मी नव्हते, एवढं एक वाक्य त्या जिभेवर आलं नाही. मी म्हणाले, "झोप आता."

तू गेल्यावर तुझी पानं ट्रंकेत ठेवली. रोज एक काढते आणि बोट ठेवून वाचते. एका पानाला दुपार जाते. दिवसाचं पान आधी कागद भरून असायचं. मग अर्धं झालं, मग दोन ओळी. बनवलेलं मात्र वाढतच गेलंय. तुझ्याच दिवसाला तुझ्याकडं जागा उरली नव्हती का गं?

गेल्या आठवड्यात एक पान निघालं. दोनच ओळींचं. "आत्या झरीला वन्संकडं गेल्यात, आठ दिवसांनी येतील. दुपारी आत्या बसल्या होत्या, लय वेळ हं हं केलं."

मला वाटलं माझं वाचायला चुकलं. बोट ठेवून परत वाचलं. दोन्ही ओळी तुझ्याच हातच्या. म्हणजे तुला माहीत होतं! मग खाटेवर ते काय म्हणालीस? टोमणा मारलास का माझं मन राखलंस? का तुला दोन्ही ओळी खऱ्याच वाटत होत्या? एका चुलीवर जेवणाऱ्या दोघी आपण, आणि एकमेकींपासून तेच लपवत बसलो. काय म्हणावं आपल्या शहाणपणाला!

तर काल. रेखाच्या मांडीवर तुझे उरलेले कोरे फॉर्म होते, म्हणजे आता कोरे नव्हते.

"काय लिहिलंस?"

"आज काय काय झालं त्ये. आन् एक गोष्ट." मग म्हणाली, "आज्जी, तू लय छान हं म्हणतीस. आईला म्हणायचीस तसं."

मी कागद हिसकावले आणि चुलीपाशी नेले. पण हात पुढं जाईना. जळालेला कागद मी बघितलाय, सुमन. काळा झाला तरी अक्षरं दिसतात, आणि हात लावला की भुगा होतो. माझ्या हातानं ते होणार नाही. परत नेऊन दिले तिला.

"लिहायचं न्हाई. शिवण शिक."

"आन् लिहिलं तर?"

"तर आईसारखी..."

"आई काविळीनं गेली, आज्जी." तुझीच लेक! कागद सारखे करता करता हळूच म्हणाली, "तुला टाइम नसला तर नको ऐकू. कोणतरी ऐकतंय."

ते मला लागलं. तुझ्याही मनात हेच आलं होतं का? म्हणून बोलली नाहीस का?

आज बाराची गाडी गेली. धुणं भिजलेलं, ज्वारी सुपात तशीच. मी आत गेले, गोधड्यांची चळत उचलून दुसऱ्या भिंतीला लावली आणि त्या कोपऱ्यात मीच पाठ टेकून बसले. बाहेर उन्हानं पत्रे तडकायलेत आणि ती भिंत माठासारखी गार. बसले तशीच. म्हणलं, "वाच."

एका शेळीची गोष्ट आहे. ती गाडीत बसून परभणीला जाते. तिकीट कुठून काढते ते सांगितलेलं नाही, पण ठीक आहे. रेखा थांबायच्या आधीच मी म्हणाले, हं.

"थांब की आज्जी, पुरं तर होऊ दे!"

"तू वाच गं."

दर वेळेला मी आधी. दोनची गाडी वाजेपर्यंत माझा घसा बसला. दुसरा हुंकार आला नाही. फक्त शेवटी, शेळी घरी परत आली तेव्हा, माझ्या कानापाशी कोणीतरी बोलायला घ्यावा तसा श्वास घेतला. आणि तसाच सोडून दिला.

तेव्हापासून जिवाला चैन नाही. तू होतीस का ती? तुझ्या वेळी कोण होतं कोण जाणे, पण आता? लेक पहिल्यांदा लिहिलेलं वाचती आहे, तर ऐकायला आईच येणार ना? तू असशील तर आज मी तुला तुझ्या लेकीपासून उठवलं. नसशील तर बरं केलं. मी ओळखू कशी? आवाज तर माझा होता.

मला कळणार नाही, आणि कळलं नाही म्हणून मी थांबणार नाही. पोरगी जिवंत आहे, तिला जिवंत माणसाचा हुंकार पाहिजे. तुझ्या वेळी मी धुणं धुतलं. आता धुणं राहील. रोज गाडीपासून गाडीपर्यंत मी त्या कोपऱ्यात बसेन, गोष्ट कसलीही असू दे. दिवसाचं पान आधी लिहायला लावेन, भरून. दोन वाजले की हाताला धरून उठवेन आणि तिची वेणी घालेन. हा शब्द मी तुला देते.

आणि तू असशील तर ये. माझ्या शेजारी जागा ठेवते. तुझी लेक काय लिहिते ते ऐक. पण सुमन, तोंड उघडायचं नाही.

तुझी आत्या,
मथुरा