माझ्या घशाचा क्लोजअप

तीर्थस्वरूप अक्का यांस,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. कमरेमुळे पूर्ण वाकता येत नाही, तेव्हा जिथवर वाकलोय तिथवरचा गोड मानून घ्यावा. तुमचे गुडघे कसे आहेत? जिना चढताना कठडा धरता, की अजूनही 'मी काय म्हातारी झाले' म्हणत तशाच चढता? इकडे आम्ही दोघं ठीक. म्हणजे तुमची धाकटी ठणठणीत आहे आणि मी तिच्या शेजारी आहे.

तुमचं पत्र पोचलं. मालिकेत मी करतो त्या आजोबांचा आवाज मधूनच परक्या माणसासारखा का येऊ लागला, असं तुम्ही विचारलंत. अक्का, लग्न ठरलं तेव्हापासून तुम्ही माझ्या धंद्याला कधी धंदा म्हटलं नाहीत (तुम्ही त्याला 'ते' म्हणता. 'अजून ते चालू आहे का?'), आणि मालिका बघणाऱ्या एवढ्या घरांमधून ही गोष्ट लक्षात आली ती फक्त तुमच्या. निर्मात्याच्या सख्ख्या आईलाही कळलं नाही. तेव्हा उत्तर देणं भाग आहे. फक्त ते जरा लांबून सुरू करतो, कारण सरळ मुद्द्यावर यायची सवय मला कुठल्याच लेखकाने लावली नाही.

मी या धंद्यात शिरलो तेव्हा डोक्यावर केस होते, हे तुम्हाला लग्नाच्या फोटोवरून ठाऊक असेल. पहिलं वाक्य मिळालं ते 'साहेब, चहा'. सिनेमा लागला तेव्हा मी कापला गेलो होतो आणि चहा तेवढा दिसत होता. तिशीच्या आत केस गेले, आणि केस गेल्यावर कामं आली. पहिल्यांदा ज्या नायकाचा बाप झालो तो वयाने माझ्यापेक्षा मोठा होता आणि दोन दृश्यांच्या मधे मला 'बाळ' म्हणायचा. पुढे एकदा डॉक्टरचं काम करणारा नट आलाच नाही. पांढरा कोट शिवून तयार होता, तो ज्याच्या अंगात बसेल त्याला काम द्यायचं ठरलं, आणि तो बसला माझ्या. तेव्हापासून मी शस्त्रक्रियेच्या खोलीतून बाहेर येतो आहे. दार ढकलायचं, दोन पावलं टाकायची, चष्मा काढायचा, जरा थांबायचं आणि म्हणायचं, 'आम्ही सगळे प्रयत्न केले.' आत मी कधी गेलो नाही (दारामागे आत नसायचंच, उभं केलेलं प्लायवूड आणि मोडक्या खुर्च्या असायच्या). किती जणांच्या बायका, मुलं आणि आया मी अशा रडवल्या त्याचा हिशेब नाही.

लोक आता मला डॉक्टरच समजतात. बँकेत रोखपालाने काचेच्या भोकातून मला जीभ दाखवली आहे. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ रक्ताचे रिपोर्ट माझ्या दाराखालून सरकवतात, आणि मी ते भिंगातून वाचून 'पाणी भरपूर प्या' असं लिहून परत सरकवतो. त्यांना गुणही येतो. पण एकदा भाजीच्या दुकानात एक बाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि बघता बघता रडायला लागल्या. त्यांच्या यजमानांच्या वेळी डॉक्टर अगदी असंच म्हणाले होते, म्हणाल्या. मी पिशवी धरून उभा राहिलो. तिथे काय बोलायचं ते मला कुणी लिहून दिलेलं नव्हतं. शेवटी मी त्यांचे टोमॅटो घरापर्यंत पोचवले.

अलीकडे कामं कमी झाली. माझ्यापेक्षा माझ्या फोटोला जास्त मिळू लागली. मालिकेत ज्या घराला मेलेला बाप हवा असतो तिथल्या भिंतीवर मी असतो. एकाच संध्याकाळी दोन वाहिन्यांवर दोन वेगळ्या विधवा माझ्याकडे बघून हुंदके देत असल्याचं तुमच्या धाकटीने पाहिलं, आणि 'दोघींपैकी एकीलाही स्वयंपाक येत नसणार' असं म्हणून बंद केलं. त्यामुळे जिवंत आजोबांचं काम आलं तेव्हा मी ते उडी मारून घेतलं. निवृत्त न्यायाधीश, कडक स्वभाव, भरपूर बोलणं.

तेव्हाच घसा बसला. आधी मी गार पाण्याला दोष दिला, मग पंख्याला, मग शेजारच्यांच्या रंगकामाला. सगळ्यात आधी ओळखलं ते ध्वनिमुद्रण करणाऱ्याने. तो कानावरचे हेडफोन काढून जवळ आला आणि हळूच म्हणाला, की काका, वाक्याच्या शेवटी तुमचा आवाज रोज थोडा थोडा कमी येतोय, यंत्र तपासलं, यंत्र ठीक आहे. दिग्दर्शिकेला आधी तो खरखरीतपणा आवडला होता (न्यायाधीश फार विचार करतो असं वाटतं, म्हणाली). पण मग खरखरीतपणाही जाऊन नुसती हवा यायला लागली, तेव्हा लेखकांनी एका दुपारी न्यायाधीशांना पक्षाघात दिला. मी पलंगावर पडून राहू लागलो. पुढे कुटुंब भांडायचं, मागे मी. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मला खरीच झोप लागली, आणि थोरली सून माझा हात धरून आक्रोश करत असताना मी घोरलो. तेही ठेवलं असतं, पण घोरणं मात्र खणखणीत आलं होतं. जी दृश्यं आधी घेतली होती त्यांना दुसऱ्याचा आवाज लावला. तो गृहस्थ एरवी जाहिरातीत पंखे आणि गाद्या विकतो. तुम्हाला खटकला तो त्याचाच. माणूस चांगला आहे, त्याने फोन करून माझी क्षमा मागितली. मला उत्तर देता आलं नाही, फोनवर तर मुळीच नाही, त्यामुळे मी रागावलोय असं समजून त्याने पुन्हा मागितली.

मग मी घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. खऱ्या. माझ्या मुलाच्या वयाचा मुलगा, मला मुलगा असता तर. त्याने नाकातून एक बारीक नळी घातली, तिच्या टोकाला कॅमेरा, आणि समोरच्या पडद्यावर मी दिसू लागलो. अक्का, इतक्या वर्षांत इतक्या जवळून मला कुणी घेतलं नव्हतं. पूर्ण पडदा मला एकट्याला. पुढे नायक नाही, मागे सून नाही. गुलाबी, ओली, हलणारी अशी दोन पाती होती, आणि एका पात्यावर काहीतरी बसलं होतं. जे बसलं होतं ते दिसायला पाहुण्यासारखं नव्हतं, घरच्यासारखं ऐसपैस बसलं होतं. त्याचा एक कण काढून तपासायला पाठवला आणि पुढच्या आठवड्यात मला बोलावलं.

ती भेट सांगतो, कारण हे सगळं लिहायला घेतलं ते तिच्यासाठी. मी खुर्चीत बसलो. तो संगणकाकडे बघत होता. तिथेच बघत एका दमात म्हणाला, की रिपोर्ट तसा चांगला नाही, कॅन्सर आहे, स्वरयंत्र काढावं लागेल, बाकी तब्येत ठीक आहे, बाहेर तारीख घ्या. सगळं सपाट, एकाच सुरात. 'स्वरयंत्र' आणि 'तारीख' यांच्या मधे श्वाससुद्धा घेतला नाही. मला त्या क्षणी दुसरं काही वाटलंच नाही, खरं सांगतो. फक्त एवढंच वाटलं, की पोरगा प्रसंग वाया घालवतोय.

मी टेबलावर टकटक केलं. जो काही आवाज शिल्लक होता त्यात म्हटलं, "डॉक्टर, माझ्याकडे बघून सांगा."

त्याने मान वर केली आणि मला ओळखलं. लाल झाला. म्हणाला, हे कसं सांगायचं ते आम्हाला कुणी शिकवत नाही, मी लहानपणी तुम्हाला बघायचो. मग मी त्याला सांगितलं. आधी खुर्ची पुढे घ्या. हात टेबलावर दिसू द्या. चष्मा काढू नका, मी काढायचो, ते खोटं दिसतं. वाईट शब्द एकदाच म्हणा, पण पूर्ण म्हणा, आणि मग गप्प बसा. समोरचा माणूस बोलेपर्यंत गप्प. ती शांतता तुमची नाही, त्याची आहे.

त्याने खुर्ची पुढे घेतली. हात टेबलावर ठेवले. माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्हाला कॅन्सर झालाय. तुमचा जीव वाचवायचा तर आवाज जाईल." आणि गप्प बसला.

फार चांगलं केलं त्याने. आणि तेव्हा, अक्का, दुसऱ्या वेळेला, मला कळलं की तो माझ्याबद्दल बोलतोय. त्या शांततेत मला बोलायचं होतं. मला सुचेना. तो खरंच गप्प राहिला, मीच तसं सांगितलं होतं ना. बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला गेला. माझ्या हातातला रुमाल खाली पडला, तो त्याने उचलून दिला आणि हात तसाच माझ्या हातावर राहू दिला. हे मी त्याला शिकवलं नव्हतं.

असो. गळ्याला पुढून एक भोक राहील आणि मी तिथून श्वास घेईन. अंघोळीला जपावं लागेल. बोलणं नाही. कामाचं म्हणाल तर पलंगावर पडायला आणि भिंतीवर लटकायला आवाज लागत नाही, त्यामुळे तशी बेकारी येणार नाही.

घरी आल्यावर तुमच्या धाकटीला सगळं सांगितलं. ती जेवणाच्या टेबलावर मटार सोलत होती. मी खुर्ची पुढे घेतली, हात टेबलावर ठेवले आणि डॉक्टरांनी सांगितलं तसंच सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. डोळ्यांत पाणी नाही, हातातली शेंग खाली पडली नाही. दोन-तीन प्रश्न विचारले, मान हलवली आणि कुकर लावायला उठली. तिचं धैर्य पाहून मीच थक्क झालो. तुमच्या घराण्याचं पाणी वेगळंच. तेव्हा तुम्ही मुळीच काळजी करू नये, आणि गुडघ्यांना त्रास देऊन इकडे यायचं तर मनातही आणू नये. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असेल. तब्येतीला जपा, थोरांना नमस्कार सांगा (आता तुमच्याहून थोर कुणी उरलं नसेल तर तो स्वतःकडेच ठेवा).

आपला,
धाकटीचा नवरा

ता. क. पत्र पाकिटात घालून पुन्हा बाहेर काढलं. तुमच्या धाकटीच्या धैर्याबद्दल वर लिहिलंय ते खोडणार होतो, पण खोडलेलं तुम्ही उजेडाला धरून वाचता, म्हणून राहू दिलं. अक्का, ती लग्न झाल्यापासून माझी पाठांतरं घेते आहे. मी डॉक्टर असतो आणि ती समोरची बाई. भांडी घासताना, इस्त्री करताना, मटार सोलताना ती आजवर शेकडो वेळा विधवा झाली आहे. मी सगळं सांगून संपवलं, सांगितल्याप्रमाणे गप्प बसलो, आणि तिने शेंगेतून मान वर न करता विचारलं, "बरं, मग ती काय म्हणते?"

मी म्हटलं, ते अजून लिहिलेलं नाही. ती म्हणाली, लेखकांना सांग लवकर द्या म्हणून, आणि शेवटी जरा कमी कर, जास्त होतंय. मग शूटिंग कधी आहे ते विचारलं. मी शस्त्रक्रियेची तारीख सांगितली. तिने ती कॅलेंडरवर 'शूटिंग' म्हणून लिहून ठेवली आहे. त्या दिवसासाठी माझा सदरा इस्त्री करून खुंटीला लावलाय. त्यानंतर मी आणखी दोनदा सांगून पाहिलं. दुसऱ्यांदा ती म्हणाली, आता छान बसलंय.

ता. क. २. मनात आणू नये असं लिहिलं होतं, पण याच. शस्त्रक्रिया येत्या बुधवारी आहे, त्याच्या आत या. तुम्ही नोकरीभर बस स्थानकावर माइकपुढे बसून सांगायचात, की अमुक गाडी रद्द झाली आहे, आणि लोक निमूटपणे पिशव्या उचलून घरी जायचे. खिडकीशी येऊन 'खरंच का हो?' असं तुम्हाला कुणी विचारलं नाही. माझ्या ओळखीत असा आवाज दुसऱ्या कुणाचा नाही. तिला तुम्ही सांगा. काही सजवू नका, जसं आहे तसं सांगा. मी बाहेरच्या खोलीत बसेन. ती आतून हाक मारेल. ओ देण्यापुरता आवाज अजून आहे.