दोन नंबरच्या टाकीला थेंब बंद

३ मार्च, सोमवार

माशांचा नवा डॉक्टर आजपासून डोक्यावर बसला! मत्स्यालयात येऊन दीड महिना झाला नाही आणि मला विचारतो, "ताई, समुद्री माशांना व्हिटॅमिन द्यावंच लागतं, हे कशावरून?" कशावरून! एकोणीस वर्षं खाद्यघरात कोळंबी चिरतेय, त्यावरून! बर्फातली कोळंबी वितळली की तिच्यातला कस पाण्याबरोबर मोरीत जातो. म्हणून तिला व्हिटॅमिनच्या थेंबांत पंधरा मिनिटं मुरवायची आणि मग टाकीत सोडायची. थेंब नुसते टाकीत ओतले तर पाणी गाळणाऱ्या यंत्राच्या फेसाबरोबर वाहून जातात. हे त्याला मीच शिकवलं.

त्याचं म्हणणं — आपण तीन प्रकारचं खाणं देतो, वर समुद्री शेवाळ देतो, तेवढं पुरतं. जास्तीचं व्हिटॅमिन यकृतात साठतं, पाण्यावर तेलाचा तवंग येतो. अगदीच खोटं नाही, म्हणून जास्त राग येतो.

तर आता प्रयोग! एक नंबर आणि दोन नंबर, शेजारच्या टाक्या. दोन्हींत चार-चार एंजल मासे, खाणं तेच. एक नंबरला थेंब चालू, दोन नंबरला बंद. आठ आठवडे. खिशातून चिमटा डोकावत असतो ना त्याच्या, म्हणून मी त्याचं नाव चिमटाच ठेवलंय.

दोन नंबरमध्ये माझी आजीबाई आहे. आली तेव्हा अंगठ्याएवढी होती, आता बारा वर्षांची झाली. मी काचेपाशी गेले की सगळ्यांना ढकलून पुढे येते.

४ मार्च

बिनथेंबांची कोळंबी दिली. आजीबाईने मटकावली. मलाच जेवण गेलं नाही.

१२ मार्च

खाद्यघराचे प्रमुख एप्रिलअखेर निवृत्त होताहेत. साहेब म्हणाले, "तुमचं नाव आहे, पण डॉक्टरांचा शेरा चांगला हवा." म्हणजे चिमट्याचा शेरा! घरी सांगितलं तर हे म्हणाले, "मग दोन महिने जिभेला लगाम घाल." जसं काही मी रोज भांडत सुटलेय.

२४ मार्च, सोमवार

आजीबाईच्या डोळ्याच्या वर तीन खड्डे. टाचणीच्या डोक्याएवढे. रंगही उतरलाय. मला ठाऊक होतं असं होणार!

डॉक्टरला हात धरून आणलं. वाकून बघितलं, फोटो काढला, म्हणाला, "पाच आठवडे राहिलेत ताई. नोंद करा."

नोंद करा!

मग जाता जाता — "मलाही बघवत नाही. पण मधेच सोडलं तर कळणार काहीच नाही." तेवढं म्हणाला ते बरं वाटलं. खड्डे तिथेच आहेत.

२७ मार्च

पाच खड्डे. दुसऱ्या माशालाही दोन. आजीबाई आज पुढे आली नाही, दगडाच्या मागे उभी राहिली. मी काचेवर बोट आपटलं, तरी नाही. रडू आलं. बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

२८ मार्च, शुक्रवार

दिले. सकाळी साडेसहा, दोनशे ग्रॅम कोळंबी, बारा थेंब. खाद्यघरात कोणी नव्हतं. एकट्या आजीबाईला देता येत नाही, सगळेच झडप घालतात, म्हणून चौघांनाही.

नंतर रजिस्टरमध्ये लिहिलं — टाकी दोन, थेंब: नाही. खाली माझी सही.

२९ मार्च

बारा.

१ एप्रिल

बारा. बाटली जास्त कलली, तेरा पडले.

५ एप्रिल

पाणी तपासणारा सकाळी सकाळी दारात उभा! एकोणीस वर्षांच्या ओळखीचा माणूस. "ताई, दोन नंबरवर तवंग कसा काय आला?" मी म्हटलं, "कोळंबीच तेलकट असेल." त्याने माझ्या हातातल्या वाडग्याकडे बघितलं, मग छताकडे. "असेल, असेल. यंदा कोळंबी फारच बाळसं धरून येतेय." आणि गेला. वरून कागद फिरवून तवंग काढून टाकला त्याने, वहीत काही लिहिलं नाही.

आता त्यालाही यात ओढला मी.

१५ एप्रिल, मंगळवार

खड्डे भरत आलेत! कडेने नवी कातडी, पिवळीधमक. आजीबाई पुन्हा काचेला नाक लावून हजर. इतका आनंद झाला की मी एकटीच हसले.

आणि मागून डॉक्टरचा आवाज — "बघितलंत ताई? आपोआप! काही न देता!" पोरासारखा उड्या मारायचा बाकी होता. हे डोक्यातच आलं नव्हतं. मी तिला वाचवत होते, आणि तिचं बरं होणंच त्याचा पुरावा झालं.

आता काय करू? थांबवले तर खड्डे परत पडतील. दिले तर तो जिंकतो. आणि जिंकला तर?

१६ एप्रिल

बारा. नाही थांबवता आले.

२८ एप्रिल, सोमवार

निकाल. बैठकीत डॉक्टरने फोटो दाखवले. एक नंबर उत्तम, दोन नंबर उत्तम. "तिसऱ्या आठवड्यात जखमा झाल्या, पण व्हिटॅमिनशिवाय भरल्या." साहेबांनी मान डोलावली. येत्या सोमवारपासून सगळ्या टाक्यांचे थेंब बंद! चाळीसच्या चाळीस. शिवाय डॉक्टर हे लिहून दुसऱ्या मत्स्यालयांना पाठवणार आहे.

पाणी तपासणारा समोर बसला होता, पेनाचं टोपण उघडझाप करत. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

२९ एप्रिल

मला प्रमुख केलं! पत्र हातात आहे. त्यात डॉक्टरचा शेरा — "प्रयोगाच्या काळात यांनी नियम अत्यंत काटेकोरपणे पाळले." साहेबांनी हात मिळवला. खाद्यघरातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. एकोणीस वर्षं वाट बघितली या दिवसाची, आणि कधी घरी जाते असं झालं.

३० एप्रिल

यांना सगळं सांगितलं. आधी हसले. मग म्हणाले, "गप्प बस. माशांना काय तोंड आहे सांगायला?"

"म्हणूनच तर."

"अगं, तुझ्या एका आजीबाईसाठी खुर्ची घालवशील? डबक्यात ती एकटीच आहे का?"

"एकटी असती तर गप्पच बसले असते हो. चाळीस टाक्या आहेत." मग मलाच कळलं की खोटं बोलले. एकटी असती तरी गप्प बसवलं नसतं.

हे उठून दार लावून आले. मग म्हणाले, "डॉक्टर चुकलाच कशावरून? न देताही भरले असते."

तेच तर! भरले असते की नसते, हे आता कोणालाच माहीत नाही. मलाही नाही. मी आठ आठवडे मातीत घातले. तो बिचारा खरंच शोधत होता आणि मी त्याला खोटं उत्तर हातात दिलं. त्याच्यावर इतकी चिडले होते, आज पहिल्यांदा त्याची कीव आली. माझीही.

१ मे

बोलायला गेले होते. दारातून परत आले.

२ मे, शुक्रवार

डॉक्टर, सकाळी सांगितलं तेव्हा तुम्ही ओरडला नाहीत. एवढंच विचारलंत — कोणत्या तारखेपासून, रोज किती थेंब? ते सगळं फक्त या वहीत आहे. तेवढी पानं फाडून देणार होते, पण मग पुन्हा काहीतरी लपवल्यासारखं झालं असतं. म्हणून अख्खी वही देतेय. तुमच्याबद्दल नको नको ते लिहिलंय, तेही वाचाल. २८ मार्चपासून सुरुवात करा. नेमणुकीचं पत्र यातच ठेवलंय.