नानाकाकांच्या स्लॅबवरचा माणूस

मुकुंदवाडी,
सोमवार

ती. नानाकाकांना,
मंजुषाचा नमस्कार, या खेपेला नेहमीपेक्षा जरा जास्त वाकून.

मोबाइल असताना ते रेडिओचं डबडं कशाला लागतं, असं तुम्ही दिवाळीत सगळ्यांसमोर विचारलं होतं. घरातली पहिली पदवीधर असूनही, खरं सांगायचं तर, मला अजून त्याचं उत्तर देता येत नाही. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, पट्टीही निघाली, असं आईकडून कळलं. थेंब वेळेवर घालत जा. पुण्याची हवा मानवते का, आणि सुदर्शनदादाच्या सोसायटीतली लिफ्ट आता तुमचं ऐकते का? हे पत्र दादाच वाचून दाखवेल, म्हणून त्याला विनंती, की कंसातला मजकूर गाळू नये. फोन मुद्दामच केला नाही. माझं वाक्य अर्ध्यावर असताना तुम्ही "बरं, बरं, ठेव" म्हणता. आमच्या रेडिओवर एकाने 'ओव्हर' म्हटल्याशिवाय दुसऱ्याने तोंड उघडायचं नसतं. ही पद्धत आपल्या घराण्यात असती, तर जमिनीच्या वाटण्या एका दुपारीत झाल्या असत्या.

शेजारच्या साळूबाईंवर तुम्ही करमाडच्या घराची राखण सोपवून गेलात, आणि त्यांनी आठ दिवसांपूर्वीच्या रविवारी तुम्हाला कळवलं, की मंजी स्लॅबवर चढली आणि तिच्यासंगं कोणी माणूस व्हता. त्यावर तुम्ही बाबांना फोन केलात, की पुढच्या रविवारच्या आत ते डबडं त्यांच्या घरातून गेलं पाहिजे. बाबांनी मला एवढंच सांगितलं, की मोठ्या भावाचा शब्द आहे. रेडिओ गेला, तर परीक्षा देऊन दिल्लीहून आलेला माझा परवाना भिंतीवर लावण्यापुरताच उरेल. म्हणून त्या माणसाबद्दल सगळं सांगते.

त्या दिवशी शहरातून लाडसावंगीपर्यंत सायकलफेरी होती. ज्यांचे पाय अपघातात गेले, त्यांना कृत्रिम पाय बसवायला मदत गोळा करायची होती. वाटेत कोणाला काही झालं तर एकमेकांना कळवायचं काम आम्हा हौशी रेडिओवाल्यांचं. एक जण चिकलठाण्याला, मी करमाडला, एक लाडसावंगीला, एक संच ॲम्ब्युलन्सच्या डॉक्टरांकडे, आणि मध्ये शेंद्र्याला एका उंच इमारतीवर सोमनाथ सर. सर सगळ्यांचं ऐकणार आणि गाडी कुठं पाठवायची ते ठरवणार. (सर अडुसष्ट वर्षांचे आहेत, टेलिफोन खात्यातून निवृत्त, दोन नातवंडं. वय आत्ताच सांगून ठेवते, पुढं लागेल.) माझी जागा फाट्यावर, जिथं माझ्या पदवीचा बॅनर तुम्ही स्वतः बांबू रोवून उभा केला होता, अगदी तिथंच. (बॅनरवर तुमचा फोटो माझ्यापेक्षा मोठा होता, पण अभिनंदन माझंच होतं.)

सगळ्यांच्या मागून बासष्ट नंबरच्या सत्यभामाबाई आल्या. निवृत्त शिक्षिका, सायकल नवी कोरी. पाणी पिताना हळूच म्हणाल्या, "मला शुगर आहे गं. सकाळी गोळी घेतली, पण खायचं राहून गेलं. कोणाला सांगू नकोस, लगेच गाडीत कोंबतील." मी बिस्किटाचा पुडा पुढं केला. तो त्यांनी पुढं खाईन म्हणून खिशात घातला आणि त्या आत लाडसावंगीच्या रस्त्याला लागल्या. त्यांचा मोबाइल जावयाच्या गाडीत होता आणि जावई शहरात नाश्ता करत होते.

बऱ्याच वेळाने लाडसावंगीहून आवाज आला, की बासष्ट अजून पोहोचल्या नाहीत. सरांनी विचारलं, "करमाड, बासष्ट तुमच्याकडून पुढं गेल्या का?" मी म्हटलं गेल्या. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं, मग ओरडून सांगितलं, शेवटी चहाच्या टपरीवरचे लोक बघायला लागले इतक्या जोरात सांगितलं. फाटा खळग्यात, त्यातून समोर ते मोठं गोदाम. सरांचा संच ताकदीचा, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं, पण माझा आवाज कोणालाच जात नव्हता. सरांचा मोबाइल लावला तर सारखा बिझी. (जावयांचा नाश्ता आटोपला होता, आणि आता तेच सरांना फोन करत होते.) मग कानावर पडलं, "करमाड उत्तर देत नाही. चिकलठाण्याने बासष्टला पाहिलंय, म्हणजे बाई तिथून इकडं येतानाच कुठंतरी असणार. डॉक्टर, गाडी चिकलठाण्याच्या बाजूला घ्या." म्हणजे बरोबर उलट दिशेला. आणि काका, बाई उपाशी आहेत हे त्या सगळ्या रस्त्यावर मला एकटीलाच माहीत होतं.

फाट्यामागच्या उंचवट्यावर तुमचं दोन मजली घर दिसत होतं. घराची किल्ली माझ्या पर्समध्ये होती, पण नवीन वॉटरप्रूफिंगवर कोणी पाय ठेवू नये म्हणून जिन्याच्या दाराची किल्ली तुम्ही पुण्याला नेलीत. मी साळूबाईंच्या भिंतीची शिडी ओढून तुमच्या घराला लावली. त्या भाकऱ्या टाकून पिठाच्या हातानं बाहेर आल्या. "ए मंजे, उतर. नानासायबानं चिमणीला बी बसू द्यायचं नाय म्हणलंय." मी चपला खाली काढल्या (हे त्यांनी तुम्हाला सांगितलं नसेल) आणि वर गेले. तुमच्या डिशचा खांब एका हाताने धरून उभी राहिले आणि बटण दाबून सांगितलं, की बासष्ट करमाडच्या पुढं गेल्यात, शुगर आहे, पोट रिकामं आहे, गाडी फिरवा, ओव्हर.

रेडिओवर नाव घेत नाहीत. पण सरांचाही धीर सुटला असावा. ते म्हणाले, "मंजुषा, ऐकलं तुझं. आता तिथून हलू नकोस, मी आहे."

खालून साळूबाई म्हणाल्या, "कोण हाय गं वर?"

"कोणी नाही मावशी, रेडिओ आहे."

"रेडिओ कधी नाव घेऊन हाका मारतो व्हय?"

आणि त्या फोन आणायला घरात गेल्या. काका, तुम्हाला गेलेला फोन तो हाच.

थोड्या वेळाने सायरन वाजवत गाडी खालून गेली आणि लाडसावंगीच्या वळणाला दिसेनाशी झाली. स्लॅब तापला होता. मी एकदा या पायावर, एकदा त्या पायावर उभी होते, आणि तो बिस्किटाचा पुडा माझ्यासमोर फोडून खायला का लावला नाही, हा एकच विचार डोक्यात होता. शेवटी डॉक्टरांचा आवाज आला, "सापडल्या. पुलाच्या कडेला बसल्यात, घामाने भिजल्यात. साखर देतोय." आणि ते थांबले. 'ओव्हर' म्हणायचं विसरले. त्यामुळे चार ठिकाणी चार माणसं शिस्तीत गप्प, आणि बाई शुद्धीवर आहेत की नाहीत ते कोणीच विचारेना. इतका लांब गप्पपणा मी आपल्या घरात कधी पाहिला नाही. मग मागून बाईंचाच आवाज आला, "सायकल कुठंय माझी? मला गाडीत नाही बसायचं." मी खांब सोडला आणि तुमच्या वॉटरप्रूफिंगवर बसले. पुडा त्यांच्या खिशात न फोडलेला निघाला.

शिडीवरून साळूबाईंचं डोकं वर आलं. चारी कोपरे बघून त्या म्हणाल्या, "गेला का मग तो?"

असा हा माणूस. आठ-दहा किलोमीटर लांबून तुमच्या स्लॅबवर आलेला. घरी सगळे ठीक. तुमच्या डोळ्यांना लवकर सगळं स्वच्छ दिसो.

तुमची पुतणी,
मंजुषा

ता. क. मोबाइलवरून सरळ १०८ ला फोन करता आला असता, हे मला संध्याकाळी आंघोळ करताना सुचलं. म्हणून म्हटलं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर अजून येत नाही.

ता. क. पत्राचं खरं कारण असं, की तुमच्या स्लॅबवर एक कायमचा अँटेना लावायला परवानगी हवी होती. तुमच्या घरून जालना रोड आणि आतली गावं, दोन्हीकडे आवाज जातो.

ता. क. तुमचा शब्द मी मोडलेला नाही. काल रविवार होता, आणि डबडं आता बाबांच्या घरात नाही. ते तुमच्या घरात आहे, देवघराशेजारच्या फळीवर. अँटेना माझ्या बॅनरच्या बांबूवर बांधून वर उभा केलाय. वॉटरप्रूफिंगला भोक पाडलं नाही, नुसता डिशच्या खांबाला आवळलाय. बांबू साळूबाईंनी धरला होता. सोमनाथ सर त्यांना "नमस्कार ताई" म्हणाले, तेव्हा पदर सारखा करून त्यांनी "व्हय, बोला" म्हटलं, आणि नंतर मला बजावलं, की नानासायबाला यातलं काही कळवू नको.